धावती व्हायोलिनं सॅम्पलमधून खरी कशी वाटतील

संथ स्ट्रिंग्ज (गजाची वाद्यं) सॅम्पलवर, म्हणजे खऱ्या वाद्यांच्या रेकॉर्ड केलेल्या सुरांवर, चांगल्या वाटायला आता फार कष्ट पडत नाहीत. एक कॉर्ड धरायची, मॉड्युलेशन व्हील हळूहळू वर न्यायचं, की एकांकिकेतला निरोपाचा प्रसंग निभावतो. अडचण येते ती पाठलाग, भांडण, लगबग अशा जागी, जिथे व्हायोलिनं एका बीटला चार सूर घेत धावू लागतात. तीच लायब्ररी, म्हणजे सॅम्पलांचा संच, मग शिवणयंत्रासारखी टकटकायला लागते आणि दिग्दर्शक म्हणतो, "हे की-बोर्डवरचं वाटतंय."

त्याचं बरोबर असतं, कारण तो पॅसेज की-बोर्डवरच सुचलेला असतो. तिथे दहा बोटं असतात आणि प्रत्येक सुराला एक ठोका. व्हायोलिनवर डाव्या हाताची चार बोटं, चार तारा आणि उजव्या हातात एकच गज. तो गज एक तर खाली येतो किंवा वर जातो, आणि प्रत्येक सूर या दोन्हींपैकी एकात बसलेला असतो. जलद पॅसेज खरा वाटणं हे बहुतांशी याच प्रश्नावर ठरतं, असं माझं ठाम मत आहे: या सुराला गज काय करतोय? नवी लायब्ररी विकत घेण्याआधी हा प्रश्न विचारायची सवय लावून घ्या.

क्युबेस, लॉजिक, रीपर यांपैकी कुठलंही संगीताचं सॉफ्टवेअर वापरत असाल तरी चालेल. लायब्ररीत निदान एक लेगाटो पॅच (पॅच म्हणजे एका वादनपद्धतीच्या सॅम्पलांचा गट, लेगाटो म्हणजे सूर जोडून घेणं) आणि एक आखूड सुरांचा पॅच, म्हणजे स्पिकाटो किंवा स्टकाटो, असला पाहिजे. एवढ्यावर काम सुरू होतं.

पायरी १: खरा सेक्शन डोळ्यांनी बघा

मुंबईत राहणाऱ्याला ही मोठी सोय आहे. नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ साली सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा राहिला. जमशेद भाभा थिएटरमध्ये त्याच्या मैफली होतात. तिकीट काढताना अशी जागा घ्या की रंगमंचाच्या तुमच्या डाव्या हाताला बसलेली फर्स्ट व्हायोलिनं नीट दिसतील. मग त्यांचे गज बघत राहा.

तीन गोष्टी लक्षात येतील. एक, सगळ्या सेक्शनचे, म्हणजे एकत्र वाजवणाऱ्या त्या गटाचे, गज एकाच दिशेने फिरतात. दोन, सुटे सूर वेगात घ्यायचे असले की गजाची फेर आखूड होत जाते, आणि स्पिकाटोत गज साधारण मध्याजवळ तारेवरून उसळतो. तिसरी गोष्ट माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची. पुष्कळदा डाव्या हाताची बोटं झपाट्याने पळत असतात आणि उजवा हात मात्र एकाच दिशेने शांतपणे सरकत असतो. सात-आठ सूर एकाच गजात. याला स्लर म्हणतात. नवखा माणूस अशाच तानेला आठ वेगवेगळे स्पिकाटो सूर लावतो आणि टकटक तिथून सुरू होते.

आपल्याकडच्या चित्रपटसंगीतातली व्हायोलिनं हा वेगळा बाज आहे. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस अशा गोव्याकडच्या अरेंजरांच्या पिढीने मुखडा आणि अंतऱ्यामधल्या जागा व्हायोलिनच्या धावत्या पीसेसनी भरल्या. ती व्हायोलिनं बहुतेक वेळा युनिसनमध्ये (सगळी एकाच सुरावर) किंवा सप्तकाच्या अंतराने वाजतात, सुरावरून सुरावर किंचित घसरत जातात आणि कानाच्या अगदी जवळ ऐकू येतात. ती मेहबूब स्टुडिओ, ताडदेवचं फिल्म सेंटर अशा स्टुडिओंमध्ये रेकॉर्ड झाली. मोठ्या कॉन्सर्ट हॉलचा घुमारा त्यात नाही. तुम्हाला पाश्चात्त्य सिम्फनीचा बाज हवा की हा मुंबईचा, हे सुरुवातीलाच ठरवा, कारण पुढे पॅच, माइक आणि रिव्हर्बची (वरून दिलेल्या घुमाऱ्याची) निवड त्यावरून बदलते.

पायरी २: एका सुराला किती वेळ मिळतो ते काढा

६०,००० ला टेंपोने, म्हणजे मिनिटाला जितक्या बीट त्या आकड्याने, भागलं की एका बीटचे मिलिसेकंद मिळतात. टेंपो १३२ असेल तर बीट सुमारे ४५४ मिलिसेकंदांची. एका बीटला चार सूर असतील तर प्रत्येकाला जवळपास ११४. टेंपो १६० झाला की ९४. हा आकडा कागदावर लिहून समोर ठेवा, पुढे त्याची सतत गरज पडते.

पायरी ३: तान व्हायोलिनसाठी लिहा

एक उदाहरण शेवटपर्यंत सोबत घेऊ. टेंपो १३२. डी ला सा धरून किरवाणीची सरळ आरोही तान: नि सा रे ग, म प ध नि, आणि पुढच्या बारच्या पहिल्या बीटवर तार सा. ग आणि ध कोमल. स्टाफवर हे सूर होतात सी शार्प, डी, ई, एफ, जी, ए, बी फ्लॅट, सी शार्प आणि शेवटी डी. सुरुवातीचा सी शार्प मधल्या सीच्या वरच्या सप्तकातला, म्हणजे व्हायोलिनच्या ए तारेवरचा.

आता ही तान बोटांवर घेऊन बघा. व्हायोलिनच्या तारा खालून जी, डी, ए, ई. पहिले दोन सूर ए तारेवर, ई साठी सुटी तार किंवा चौथं बोट, पुढचे सूर ई तारेवर. पहिल्या पोझिशनमध्ये बी फ्लॅटपर्यंत बोट पोहोचतं. वरचा सी शार्प आणि डी गाठायला हात वर सरकवावा लागतो आणि अनुभवी वादक त्याआधीच कुठेतरी तो सरकवून ठेवतो. एक तार बदल, एक पोझिशन बदल. तान वाजवण्याजोगी आहे. याउलट याच वेगात जी तारेवरून ई तारेवर आणि परत अशा उड्या लिहिल्यात तर गजाला मधल्या दोन तारा ओलांडाव्या लागतात. प्रेक्षकाला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी खोटं आहे हे त्याच्या कानाला कळतं.

गजाचं ठरवू. पहिले आठ सूर एका स्लरमध्ये, वर जाणाऱ्या गजात. शेवटचा डी खाली येणाऱ्या गजात, जोर देऊन. वर जाणाऱ्या गजात आवाज वाढवत नेणं सहज जमतं आणि खाली येणाऱ्या गजाला जोर नैसर्गिकच असतो. त्यामुळे तानेचा आकार इथेच अर्धा तयार झाला.

मग बाकीच्यांचं बघा. सगळ्यांना तीच तान देऊ नका. सेकंड व्हायोलिनं एक सप्तक खाली तीच तान घेतील. व्हायोला फक्त शेवटच्या बीटला, म्हणजे म प ध नि ला, सामील होतील. चेलो आणि डबल बेस धावणार नाहीत, ते तार सा वर एकच आखूड, भरीव सूर देतील. डबल बेसच्या जाड तारांना आवाज फुटायला वेळ लागतो. या वेगाची तान त्यांच्यावर लादली की खाली नुसता गढूळ गडगडाट उरतो.

पायरी ४: पॅच निवडा, आणि एकावर भागवू नका

आठ सुरांसाठी लेगाटो पॅच, शेवटच्या डी साठी वेगळ्या ट्रॅकवर मार्काटो (जोर देऊन घेतलेला सूर) किंवा स्टकाटो. लेगाटोत दोन सूर किंचित एकमेकांवर चढलेले हवेत, १०-२० मिलिसेकंद पुरतात. फट राहिली तर लायब्ररीला तो नवा गज वाटतो आणि जोड तुटतो.

इथे ११४ चा आकडा कामाला येतो. लेगाटोमध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर जाण्याचं खरं रेकॉर्डिंग असतं आणि ते वाजायला वेळ लागतो. संथ सुरावटीसाठीचं लेगाटो दोनशे-तीनशे मिलिसेकंदही घेऊ शकतं. तुमचा पुढचा सूर तर ११४ मध्ये येऊन ठेपतो, म्हणजे आधीचा जोड पूर्ण व्हायच्या आतच कापला जातो. त्यातून जो आवाज येतो त्याला काहीजण पिपाणीचा आवाज म्हणतात. लायब्ररीत जलद लेगाटो किंवा रन्स नावाचा पॅच असेल तर तोच घ्या. काही लायब्ररींमध्ये व्हेलॉसिटी (की किती जोरात दाबली त्याचा आकडा) वाढवली की जोड जलद होतो. मॅन्युअलची ती चार पानं वाचाच, फार मेहनत वाचते.

तरीही नुसतं लेगाटो या वेगात गुळगुळीत वाटतं, सूर मोजता येत नाहीत. म्हणून त्याच मिडीची, म्हणजे कुठला सूर कधी आणि किती जोरात या नोंदीची, प्रत स्पिकाटो पॅचवर टाका आणि तिचा आवाज लेगाटोपेक्षा ८-१० डेसिबल खाली ठेवा. हा थर वेगळा ऐकू येता कामा नये. म्यूट केल्यावर तानेची धार गेली असं वाटलं आणि सुरू असताना स्पिकाटो आहे हे कळलं नाही, तर प्रमाण बरोबर आहे. स्लरमध्येसुद्धा डाव्या हाताची बोटं तारेवर पडताना प्रत्येक सुराला बारीकशी सुरुवात मिळत असते. हा थर तीच सुरुवात देतो.

पायरी ५: उशीर मोजा

नवख्या लोकांच्या हातून सगळ्यात जास्त राहून जाणारी पायरी हीच आहे.

गज तारेवर टेकतो, घासतो आणि मग सूर उमटतो. चांगल्या लायब्ररीत ही सुरुवात कापलेली नसते. त्यामुळे मिडीचा सूर ग्रिडवर, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या बीटच्या रेषांवर, अचूक असला तरी आवाज उशिरा येतो. प्रत्येक पॅचचा उशीर वेगळा. स्पिकाटो ४०-६० मिलिसेकंद मागे असेल आणि लेगाटो १०० किंवा त्याहून जास्त, तर तुमचे दोन थर एकमेकांत मिसळणारच नाहीत.

मोजायची पद्धत सोपी आहे. रिकाम्या प्रोजेक्टमध्ये बीटवर अचूक एक सूर ठेवा, तो ऑडिओत उतरवा, झूम करा आणि आवाज खऱ्या अर्थाने कुठे उभा राहतो ते ग्रिडच्या रेषेपासून मोजा. ६० मिलिसेकंद निघाले तर त्या ट्रॅकचा डिले उणे ६० करा. लेगाटोसाठी दोन सूर जोडून दुसऱ्या सुराचा उशीर मोजा, कारण पहिल्या सुराआधी जोड नसतो आणि त्याचा उशीर वेगळा निघतो. त्यामुळे तानेचा पहिला सी शार्प बहुतेकदा हाताने थोडा मागेपुढे सरकवावा लागतो. प्रत्येक आर्टिक्युलेशन (लेगाटो, स्पिकाटो अशी वादनपद्धत) स्वतंत्र ट्रॅकवर ठेवलंत तर हे सगळं सुटसुटीत होतं. की-स्विचने, म्हणजे एखादी की दाबून पॅच बदलत, एकाच ट्रॅकवर सगळं चालवायचा मोह जलद पॅसेजपुरता तरी टाळा.

पायरी ६: आकार द्या

लेगाटोचा आकार सीसी १ वर (मिडीचा नियंत्रण-क्रमांक १, म्हणजे मॉड्युलेशन व्हील) आणि आखूड सुरांचा व्हेलॉसिटीवर, अशी बहुतेक लायब्ररींची वाटणी असते. सीसी १ हलवलं की हळू आणि जोरात वाजवलेल्या रेकॉर्डिंगमध्ये अदलाबदल होते, म्हणजे पोत बदलतो. सीसी ११ ने फक्त आवाज कमीजास्त होतो. नवखे सीसी ११ वर तान चढवतात आणि मग ती मोठी होते पण तापत नाही. आपल्या उदाहरणात सीसी १ पहिल्या सुराला ५५ च्या आसपास ठेवा आणि आठव्यापर्यंत ९५ ला न्या. रेषा सरळ नको, शेवटच्या तीन सुरांत चढ जास्त हवा. खालच्या स्पिकाटो थराची व्हेलॉसिटी ४५ पासून ७० पर्यंत. शेवटच्या डी ला १०५-११०. मिडीत कमाल आकडा १२७ असतो. तो एखाद्या आघातासाठी राखून ठेवा.

सुट्या गजाचा पॅसेज असेल, उदाहरणार्थ एकाच सुरावर चार-चार ठोक्यांची ठेका धरल्यासारखी चाल, तर आकाराचा नियम वेगळा. तिथे खाली-वर, खाली-वर असा गज फिरतो. व्हेलॉसिटी साधारण ९२, ६४, ७४, ६६ अशी ठेवून ऐका. पहिला ठळक, तिसरा त्याच्या आधाराला, वर जाणारे दोन हलके. सॉफ्टवेअरमधलं रँडमाइझचं बटण दाबून हे साधत नाही. वादक चुकतमाकत वाजवत नसतो, त्याच्या कमीजास्त होण्यामागे गजाचं वजन असतं.

एकाच सुराच्या पुनरावृत्तीत आणखी एक खाच आहे. लायब्ररीत तोच सूर तीन-चार वेळा रेकॉर्ड करून आळीपाळीने वाजवतात, त्याला राउंड रॉबिन म्हणतात. समजा तुमच्या पॅचला चार राउंड रॉबिन आहेत आणि तुम्ही बीटला चार सूर वाजवताय. मग प्रत्येक बीटच्या पहिल्या सुराला नेमकं तेच रेकॉर्डिंग येतं, दर वेळी, आणि कान ते लगेच पकडतो. पॅचमध्ये क्रम रँडम करायची सोय असेल तर ती चालू करा. नसेल तर दुसऱ्या ट्रॅकवर त्याच पॅचची प्रत घ्या, तिथे मिडी दोन अर्धस्वर वर चढवा आणि पॅचचं ट्युनिंग दोन अर्धस्वर उतरवा. सूर तोच राहतो पण रेकॉर्डिंग शेजारच्या सुराचं वापरलं जातं. मग काही सूर या ट्रॅकवर, काही त्या. हीच युक्ती सेकंड व्हायोलिनांसाठी फार उपयोगी आहे. लायब्ररीत एकच व्हायोलिन सेक्शन असेल आणि दोघांना युनिसन द्यायचं असेल, तर तेच सॅम्पल दोनदा वाजून आवाज पोकळ होतो. या पद्धतीने तो धोका टळतो.

पायरी ७: वेळेत थोडी माणसं आणा

तार सा बीटवर अचूक पडला पाहिजे, सगळ्या सेक्शनचा. तेवढं पाळलंत की तानेच्या पोटात मोकळीक घेता येते. पहिले दोन-तीन सूर ५-१० मिलिसेकंद मागे ठेवा, मधले किंचित जवळ ओढा, शेवटी वेळेवर पोहोचा. सेकंड व्हायोलिनांची तान कॉपी-पेस्ट करू नका, की-बोर्डवर पुन्हा वाजवून घ्या, हवं तर टेंपो कमी करून. व्हायोलाही तशीच. सोळा माणसं एक तान घेताना प्रत्येक सूर सुईच्या टोकावर एकत्र येत नाही, त्या सरमिसळीतूनच सेक्शनचा आवाज बनतो. पण सुराला ११४ मिलिसेकंदच आहेत, त्यामुळे १५ च्या पुढे सरकवायला लागलात की मोकळीक जाऊन गोंधळ होईल.

पायरी ८: खोली

आपल्या वेगाला सेकंदाला जवळजवळ नऊ सूर होतात. दोन सेकंदांचा रिव्हर्ब लावला तर एका वेळी सतरा-अठरा सुरांच्या शेपट्या हवेत असतात. म्हणून जलद पॅसेजला लायब्ररीतल्या जवळच्या माइकचं प्रमाण वाढवा, लांबच्या माइकचं घटवा आणि पॅचचा रिलीज (सूर सोडल्यावरची शेपटी) थोडा आखूड करा. तुमची लायब्ररी कुठे रेकॉर्ड झाली हेही बघा. लंडनच्या एअर स्टुडिओच्या लिंडहर्स्ट हॉलमध्ये, म्हणजे मूळच्या चर्चमध्ये, रेकॉर्ड केलेल्या सॅम्पलांत हॉल मुरलेलाच असतो. तिथे वरून रिव्हर्ब जवळपास नकोच. व्हिएन्ना सिम्फॉनिक लायब्ररीची सुरुवातीची रेकॉर्डिंग मुद्दाम कोरड्या सायलेंट स्टेजवर झाली, तिथे खोली तुम्हालाच द्यावी लागते. मुंबईचा तो जवळचा बाज हवा असेल तर कोरडी लायब्ररी आणि सुमारे एक सेकंदाचा छोटा रिव्हर्ब हे माझ्या आवडीचं जुळणं आहे.

रिव्हर्बच्या रिटर्नवर, म्हणजे फक्त रिव्हर्बच्या आवाजात, ३०० हर्ट्झच्या खालचं कापा. गजाची खरखर टोचत असेल तर अडीच ते चार किलोहर्ट्झच्या पट्ट्यात एक-दोन डेसिबल कमी करा. त्याहून जास्त नको, खरखर पूर्ण गेली तर गजही जातो.

जुन्या लॅपटॉपवर हे सगळं अडखळत असेल तर न वापरलेले माइक बंद करून रॅम मोकळी करा आणि झालेले ट्रॅक फ्रीझ करत (तात्पुरते ऑडिओत उतरवत) जा. वाजवताना बफर १२८, मिक्स करताना ५१२ किंवा १०२४.

पायरी ९: शक्य असेल तर एक खरं व्हायोलिन

सोळा सॅम्पल व्हायोलिनांवर एक जिवंत व्हायोलिन चढवलं की कान बाकीच्या सोळांवरही विश्वास ठेवतो. मुंबईत हे करणं अवघड नाही. स्टाफ नोटेशन समोर ठेवलं की लगेच वाजवणारे व्हायोलिनवादक या शहरात पिढ्यानपिढ्या आहेत, वांद्र्यापासून वसईपर्यंत. बोलावण्याआधी त्यांचं मानधन ठरवा आणि ते त्याच दिवशी द्या. नोटेशन स्वच्छ छापा, स्लर आणि गजाच्या खुणा घाला, आधी दोन बार क्लिक द्या. फ्लॅटमध्ये रेकॉर्ड करायचं असेल तर पंखा बंद, खिडक्या बंद, आणि माइक वाद्यापासून साधारण हातभर अंतरावर, थोडा वरून.

ते म्हणाले की "हा गज असा नाही बसणार, इथून तोडू या", तर लगेच होकार द्या. तोच गज मग सॅम्पलच्या ट्रॅकवरही करा: जिथे त्यांनी गज बदलला तिथे लेगाटोचा जोड तोडा, जिथे जोर दिला तिथे व्हेलॉसिटी वाढवा. दोन-तीन टेक घ्या. त्यातला सगळ्यात सफाईदार टेक मधोमध न ठेवता फर्स्ट व्हायोलिनांच्या बाजूला, थोडा डावीकडे ठेवा आणि सेक्शनमध्ये मिसळेल इतपतच वर आणा.

पायरी १०: मोनोत ऐका

काम नाटकासाठी असेल तर ही पायरी टाळून चालणार नाही. ट्रॅक दादरच्या शिवाजी मंदिरात वाजणार असो की शाळेच्या सभागृहात, तिथली ध्वनियंत्रणा मोनो असेल तर डावी-उजवी एकत्र येतात आणि रुंद पसरलेली व्हायोलिनं अर्धी विरून जातात. हेडफोनवर चमकणारी तान संवादाखाली दिसेनाशी होते. मास्टरवर मोनोचं बटण दाबा, आवाज बोलण्याच्या पातळीवर आणा आणि नऊच्या नऊ सूर मोजता येतात का बघा. येत नसतील तर लांबचे माइक आणखी खाली घ्या आणि स्पिकाटोचा थर दोन डेसिबल वर करा. तरीही तान हरवत असेल तर सेकंड व्हायोलिनांची खालच्या सप्तकातली प्रत काढून त्यांनाही वरच्याच सप्तकात युनिसन द्या. पात्रांचा आवाज जिथे असतो ती जागा मोकळी होते आणि व्हायोलिनं वरून स्पष्ट ऐकू येतात.